मोशीच्या डिझेलवर विमान

पिंकीला पंपावर लागून नऊ वर्षं झाली, तरी चिमाबाई अजून नव्या शेजारणीला सांगतात, "माझी सून तेलाच्या खात्यात हाय." ऐकणारीला वाटतं, बाई कुठल्या तरी मोठ्या हापिसात असेल. खातं म्हणजे मोशीच्या पुढं, चाकणच्या रस्त्याला लागून असलेला गणराजशेठचा पेट्रोल पंप. आणि त्यातली डिझेलची दोन नंबरची नळी. सकाळी सात ते दुपारी तीन ती नळी पिंकीच्या हातात असते.

तिचे वडील पिंपरीतल्या एका फाउंड्रीत हेल्पर होते. फाउंड्री बंद पडली तेव्हा ती बारावीत होती, आणि शिक्षण तिथंच थांबलं. लग्न होऊन ती मोशीत सिद्धेशच्या घरी आली. सिद्धेश तेव्हा दुसऱ्याची गाडी चालवायचा. पंपावर बाई हवी आहे असं कळल्यावर तिनं भीत भीत सासूला विचारलं, तर चिमाबाईंनी उलट विचारलं, "पगार येळेवर देत्यात का?"

"देतात म्हणे."

"मग जा की. म्या चाळीस वर्सं भोसरीत नट-बोल्ट निवडले. तुला नळी धराया काय हुतंय?"

सुरुवातीला ट्रकवाले खिडकीतून मान काढून हसायचे. "ओ मॅडम, डिझेलच्या गाडीत पेट्रोल नका टाकू हां!" पिंकी मीटरवरचा झिरो दाखवायची, झालेला आकडा मोठ्यानं सांगायची, टाकीचं टोपण बसवून त्यावर हाताची एक थाप मारायची. सहा महिन्यांत तेच ट्रकवाले तिच्या नळीपुढं रांग लावू लागले, कारण मापावरून कटकट झाली ती बाकीच्या नळ्यांवर, हिच्याकडं कधी नाही. रोज सकाळी घरून निघण्याआधी ती बुद्धवंदना आणि पंचशील म्हणते. म्हणताना हात जोडलेले असतात आणि पंपावर हात रिकामे नसतात, एवढाच तिच्या लेखी फरक. बाकी शील तेच.

कार्डाचं वेड तिला लावलं ते निरंजननं. हा हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, राहायला मोशीतल्या नव्या सोसायटीत. दर शुक्रवारी पेट्रोल भरायला यायचा आणि दर वेळी खिशातून वेगळंच कार्ड काढायचा. एकदा पिंकीनं विचारलंच, "दादा, एवढी कार्डं कशाला हो? एका माणसाला एक पुरत नाही?"

"ताई, हे पेट्रोलचं आहे, ते प्रवासाचं. पेट्रोलच्या कार्डावर शंभर रुपयांना चार पॉइंट मिळतात, प्रवासावर आठ. वर्षभर साठवले की गोव्याचं विमान फुकट."

"फुकट कसं असेल? कुठून तरी कापत असतील."

"बिल वेळेवर भरलं नाही तर कापतात. सालटं काढतात. वेळेवर भरलं तर त्यांचा नाइलाज होतो."

हे वाक्य पिंकीच्या डोक्यात बसलं. तोवर सिद्धेशनं स्वतःची सतरा सीटची गाडी घेतली होती. मोशीतून चाकणच्या कंपनीत कामगार नेणं-आणणं, तिन्ही शिफ्ट. महिन्याला पन्नास हजारांचं डिझेल, आणि तेही बायकोच्याच नळीवरून. पिंकीनं हिशेब मांडला आणि तिला हसूच आलं. एवढं डिझेल रोज आपल्याच हातानं भरतोय आणि पॉइंट वाऱ्यावर सोडतोय!

सिद्धेश मात्र कार्ड म्हटल्यावर उसळला. "येडी झालीस का? आमच्या लाइनीतली चार पोरं कार्डानं बुडाली. बँकवाले घरी येऊन बसतात."

"ती पोरं कार्डावर मोबाइल घेत होती. मी डिझेल घेणार. जे तसंही रोखीत घेतोच आपण. रोज स्वाइप, दर रविवारी बिल साफ. एक रविवार चुकला तर कार्ड तुमच्या समोर कात्रीनं कापते."

पगार कमी म्हणून बँकेनं कार्ड द्यायला का कू केलं. पिंकीची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिनं ते साठ हजार ठेव म्हणून बँकेत ठेवले आणि त्या ठेवीवर कार्ड घेतलं. इंधनाचं आणि प्रवासाचं, दोन्हीचं मिळून एक.

कशासाठी, ते तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. चिमाबाईंना बोधगयेला, बोधिवृक्षाखाली बसायला जायचं होतं. ही इच्छा नवी नाही. नवरा असताना दोघं जाणार होते, मग तो गेला, मग मुलांची लग्नं, मग गाडीचे हप्ते. आता सत्तरी उलटली. दोन्ही गुडघे गेलेले, कंबर तासभर बसली की बोलायला लागते. आगगाडीत दीड दिवस बसणं त्यांच्यानं होणार नव्हतं. पुण्याहून विमानानं पाटण्याला अडीच-तीन तास, तिथून गाडीनं बोधगया. हे जमण्यासारखं होतं. पण दोघींचं जाण्या-येण्याचं तिकीट एकोणीस हजार. हप्ते भरणाऱ्या घरात एकोणीस हजार कुठून आणायचे? पॉइंटात मात्र ते अडतीस हजार पॉइंट होत होते. बँकेच्या हिशेबानं एका पॉइंटाला पन्नास पैसे.

"अडतीस हजार?" चिमाबाई म्हणाल्या. "ते कंदी हुनार?"

"दीड-दोन वर्षांत, आई."

"तंवर मी ऱ्हाते का?"

"राहायलाच लागेल. तिकीट तुमच्या नावाचं आहे."

दीड वर्ष बाई नेमानं वागली. रोज डिझेल, रोज स्वाइप, रविवारी वंदना झाली की बिल. चिमाबाईंना पॉइंट म्हणजे नेमकं काय ते कधी कळलं नाही, पण दर रविवारी त्या विचारायच्या, "कुटवर आलं इमान?" आणि पिंकी सांगायची, "आत्ताशी नागपूर ओलांडलं."

मग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला. एक एप्रिलपासून तिकिटासाठी एका पॉइंटाला पन्नास पैशांऐवजी पंचवीस पैसे. म्हणजे एकतीस मार्चपर्यंत तिकीट काढलं तर काढलं. नाही तर दीड वर्षाची साठवण एका दिवसात निम्मी.

पिंकी घाबरली नाही. तिच्या अंदाजानं मार्चचं डिझेल धरलं की अडतीस हजारांच्या वरच जात होतं. खात्री करायला म्हणून तिनं दुपारी पंपाच्या पायरीवर बसून ॲप उघडलं. पॉइंट होते बत्तीस हजार आठशे.

तिनं ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं. तेच.

शुक्रवारी निरंजन आला तसा तिनं त्याच्या हातात मोबाइलच दिला. "दादा, बघा जरा. बँकेनं माझे पॉइंट खाल्ले."

निरंजननं महिने खाली-वर केले आणि एका ठिकाणी थांबला. "ताई, जून ते ऑगस्टमध्ये तुम्ही गाडीचं काम काढलं होतं का? इथं गॅरेज लिहिलंय. रोज गॅरेज."

"गॅरेज कुठलं? रोज डिझेलच भरलंय, याच नळीवरून!"

"स्वाइप कुठल्या मशीनवर केलं?"

पिंकीनं मागं वळून बघितलं. पंपाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गणराजशेठचं ऑइल बदलायचं दुकान होतं. गेल्या पावसाळ्यात रस्ता रुंद करताना केबल तुटली आणि पंपाच्या मशीनला अडीच महिने रेंज नव्हती. तेव्हा सगळेच शेडमधलं मशीन उचलून आणायचे. पिंकी सुद्धा. ट्रकवाल्यांना काही फरक पडत नव्हता. ते साध्या कार्डानं पैसे द्यायचे. पण हिच्या कार्डाला पडत होता.

"नळीतून काय आलं ते बँकेला दिसत नाही, ताई," निरंजन हळूच म्हणाला. "मशीन कुणाच्या नावावर आहे तेवढंच दिसतं. गॅरेजच्या नावावर असेल तर ते गॅरेज. आणि गॅरेजला पॉइंट नाहीत."

पाच हजारांच्या वर पॉइंट गेले होते. आणि घालवले कुणी? जी पंपावर येणाऱ्या प्रत्येकाला कार्ड कसं वापरायचं ते शिकवत होती, तिनंच.

त्या दुपारी तिनं बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली, दोनदा "मॅडम, समजू शकते" म्हणाली आणि शेवटी सांगितलं की दुकानदाराची नोंद बँकेला बदलता येत नाही. गणराजशेठनं कपाळावर हात मारून घेतला. "पिंकी, मला खरंच माहीत नव्हतं गं. असतं तर कुणाला हात लावू दिला असता का त्या मशीनला?" तो खोटं बोलत नव्हता. तिलाच माहीत नव्हतं, त्याला कुठून असणार?

घरी सिद्धेशनं सगळं ऐकून घेतलं आणि जेवताना म्हणाला, "म्हणजे आईचं विमान गॅरेजला लागलंय म्हण की."

पिंकीनं ताट सरकवलं.

"अगं, गंमत केली."

"करा गंमत. दीड वर्ष तुमच्या आईला नागपूर, रायपूर सांगत आले मी. आता काय सांगू, विमान मागं फिरलं?"

चिमाबाई कोपऱ्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "न्हाई जमलं तर न्हाई जमलं. झाड काय पळून चाललंय व्हय?" पण त्या रविवारी त्यांनी विमान कुठवर आलं ते विचारलं नाही. पिंकीला ते न विचारणं फार लागलं.

ती कागद घेऊन बसली. हातात बत्तीस हजार आठशे. पंचवीस मार्चला कार्डाचा महिना संपतो, तोवरच्या डिझेलचे दोन हजार येतील. कमी पडतात तीन हजार दोनशे. डिझेल जास्तीचं जाळता येत नाही, गाडी जेवढी चालते तेवढंच पितं. मग उरलं प्रवासाचं खातं, शंभराला आठ वालं. पण प्रवास करतंय कोण?

उत्तर विहारात मिळालं. दर वर्षी वीस मार्चला मोशीच्या विहारातून लोक महाडला जातात, चवदार तळ्यावर. या वर्षी नव्वद माणसं तयार होती. म्हणजे चिखलीच्या धोंडीबाच्या दोन मोठ्या बस. एका बसचं भाडं तेवीस हजार. दोन बसचे सेहेचाळीस हजार, आणि ते दर वर्षी खजिनदार खंडूकाका पिशवीतून रोख मोजून द्यायचे.

पिंकीनं मनातल्या मनात गुणाकार केला. तीन हजार सहाशे ऐंशी पॉइंट. हवे होते तीन हजार दोनशे.

वंदना संपल्यावर ती खंडूकाकांकडं गेली. खंडूकाका म्हणजे कंपनीतून रिटायर झालेला युनियनचा माणूस. अजूनही बोलताना गेटवर उभा असल्यासारखा बोलतो.

"काका, बसचे पैसे मी माझ्या कार्डावरून भरू का? तुमच्याकडं जमलेली रोख तुम्ही मला त्याच दिवशी द्या. विहाराचा एक रुपया इकडचा तिकडं होणार नाही. फक्त पॉइंट मला मिळतील. ते मी आईंच्या तिकिटाला वापरणार."

खंडूकाकांनी चष्मा खाली ओढून तिच्याकडं पाहिलं. "म्हणजे विहाराच्या पैशावर तुझी सासू विमानात बसणार?"

"पैशावर नाही काका, पॉइंटवर. पॉइंट तसेही वाया जातात."

"आज पॉइंट, उद्या काय? मी तीस वर्षं कामगारांची पतपेढी बघितली आहे, पोरी. घोटाळे असेच 'तसेही वाया जातात' म्हणून सुरू होतात."

आजूबाजूच्या दोघी-तिघींनी ऐकलं. पिंकीचे कान तापले. ती काही बोलणार एवढ्यात मागून चिमाबाईंचा आवाज आला.

"खंडू बरोबर बोलतोय."

"आई, तुम्ही पण?"

"चल घरला."

रस्त्यात सासू-सुनेचं जे झालं त्याला भांडणच म्हणायचं. पिंकी म्हणत होती, कुणाचं काही कमी होत नाही, मग चूक काय? चिमाबाई काठी टेकत, थांबत थांबत चालत होत्या. शेवटी त्या बंद पडलेल्या रसवंतीच्या बाकड्यावर बसल्या.

"पिंके, तू रोज सकाळी शील म्हनतीस. दुसरं काय हाय?"

"न दिलेलं घेणार नाही."

"मंग? बाया भाडं देत्यात ते बसला देत्यात. तुला दिलंय का?"

पिंकी बाकड्याच्या कडेला टेकली.

"कुनाचं कमी हुतंय का, ह्ये शीलात न्हाई. दिलंय का, येवढंच हाय. आन् तू इचारलंस कुनाला? खंडूला. भाडं काय खंडूचं हाय? त्यो नुसता पिशवी धरतोय."

पिंकीनं मान वर केली. "म्हणजे ज्यांचं भाडं आहे त्यांना विचारलं तर?"

"त्ये मला म्हाईत न्हाई." चिमाबाई काठीच्या मुठीकडं बघत राहिल्या. म्हातारीनं चाळीस वर्षांत कुणाकडं चहासाठी दूध मागितलं नव्हतं. मालक बोनस द्यायला विसरला तर तेही मागितलं नव्हतं. मागण्याचा तिला किती राग आहे ते पिंकीला ठाऊक होतं. म्हणून पुढचं वाक्य ऐकून ती चाटच पडली.

"इचारायचं असंल तर मीच इचारीन. झाडाखाली मला बसायचंय. तू कशाला तोंड येंगाडायचं?"

पुढच्या रविवारी महाडच्या तयारीसाठी सगळे जमले. पुरुष, बायका मिळून विहार भरला होता. शेजारची दुर्गाबाईही आली होती. ती दुसऱ्या समाजाची, गणपती-देवी करणारी. पण चिमाबाई जिथं जातील तिथं ती जायचीच, महाडलासुद्धा तिचं भाडं सगळ्यांत आधी जमा झालं होतं. खंडूकाकांनी वेळ, डबे, पाण्याच्या बाटल्या सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचंय?"

चिमाबाई भिंतीला धरून उठल्या. उठायलाच त्यांना मिनिटभर लागलं. तेवढ्यात विहार शांत झाला.

"जय भीम. मला भाषन येत न्हाई. माझी सून म्हनती, बसचं पैसं तिनं कार्डावरनं भरलं तर बँक काय तरी पाँइट देती. त्या पाँइटात मला बोधगयेचं तिकीट हुतंय. तुमचं भाडं जेवढं हाय तेवढंच ऱ्हानार. पन भाडं तुमचं हाय, म्हंजी त्ये पाँइट बी तुमचंच. म्हनून म्या मागाया हुबी हाय. ज्याला द्यायचंय त्यानं द्या. ज्याला न्हाई द्यायचं त्यानं सरळ न्हाई म्हना, मला राग न्हाई. येकजन बी न्हाई म्हनला तर सून रोखीनंच दिऊ दिईल."

एवढं बोलून त्यांचा दम गेला. आपल्या चुकीपायी या बाईला असं उभं राहावं लागलं, हेच पिंकीच्या डोक्यात फिरत होतं.

पहिली बोलली दुर्गाबाई. "अगं चिमे, एवढंच होय? मला वाटलं किडनी मागतीस! घे माझे पॉइंट. विमानाला माझ्या नावाचं एक चाक बसव."

विहारात जो हशा उठला त्यात सगळा ताण वाहून गेला. मग बायकांची चढाओढ लागली. "माझे पण घ्या!" "आमच्या घरातली पाच सीटं हायती, पाचींचे घ्या!" एक नवी सून हळूच म्हणाली, "आजी, पण मला सांगा ना नंतर कसं केलं ते. आमच्या सासूबाईंनाही जायचंय." मागून कुणी तरी ओरडलं, "आता मोशीतून गयेला डायरेक्ट विमानच सोडा!"

सगळ्यांच्या नजरा खंडूकाकांकडं गेल्या. ते चष्मा पुसत होते.

"माझं म्हणणं एवढंच होतं, की विचारल्याशिवाय नको," ते म्हणाले. "आता विचारलंय. पण तोंडी नको. वहीत ठराव लिहा, सर्वानुमते. वाचून दाखवा. उद्या कुणी आमच्या चिमावहिनींकडं बोट दाखवलं तर वही दाखवता आली पाहिजे." ठराव लिहिला गेला, वाचला गेला, आणि त्याखाली पहिली सही खंडूकाकांनी ठोकली.

आता पैसे भरायचे होते, आणि इथं पिंकीनं आपल्या चुकीचा पुरेपूर मोबदला वसूल केला. धोंडीबाच्या ऑफिसात सिद्धेश, खंडूकाका आणि ती असे तिघं गेले. धोंडीबानं टेबलाखालून मशीन काढलं. "घाला कार्ड."

"थांबा. हे मशीन कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच की ताई! दुसऱ्याचं कशाला वापरू?"

"आधी शंभर रुपये टाका."

"शंभर? सेहेचाळीस हजारांतले शंभर?"

"आधी शंभर."

धोंडीबानं सिद्धेशकडं बघितलं. सिद्धेशनं खांदे उडवले. "भावा, ती म्हणती तर टाक. तिच्या नळीवर आजवर कुणी वाद घातलेला नाही."

शंभर गेले. पिंकीनं ॲप उघडलं आणि मोबाइल धोंडीबापुढं धरला. व्यवहाराखाली लिहिलं होतं: किराणा.

धोंडीबा खजील झाला. "अगं हो… हे बायकोच्या दुकानाच्या नावावर काढलंय. दोन्हीकडं तेच चालवतो."

"तुमच्या बसच्या धंद्याच्या नावानं काही आहे का?"

होतं. मोठ्या कंपन्यांच्या सहलींसाठी त्याच्या मुलीनं मोबाइलवर पैसे घ्यायची लिंक काढून ठेवली होती. धोंडीबाला ती लावता येत नव्हती म्हणून पडून होती. मुलीला फोन लागला, लिंक आली. पुन्हा शंभर. या वेळी ॲपमध्ये दिसलं: प्रवास. तेव्हा कुठं पिंकीनं उरलेले पैसे भरले. खंडूकाकांनी पिशवीतली रोख तिथंच तिच्या हातात मोजली, आणि ती बाहेर पडल्या पडल्या शेजारच्या बँकेत जाऊन कार्डावर भरून आली. रविवारची सुद्धा वाट बघितली नाही.

"आमच्या पतपेढीला अशी एक मिळाली असती तर," खंडूकाका गाडीत बसता बसता म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं.

वीस मार्चला महाड झालं. ताम्हिणी उतरून दोन्ही बस आणि सिद्धेशची गाडी वेळेत पोचल्या. तळ्याच्या पायऱ्या चिमाबाईंना उतरता आल्या नाहीत, तर दुर्गाबाईनं ओंजळीत पाणी आणून त्यांच्या हातावर घातलं.

पंचवीस मार्चला महिना बंद झाला. सत्तावीसला पॉइंट जमा झाले. पिंकी पंपावर होती. दुपारची सुट्टी झाल्यावर तिनं पायरीवर बसून ॲप उघडलं. अडतीस हजार चारशे त्र्याऐंशी.

ती उठली आणि गणराजशेठच्या काचेच्या केबिनमध्ये गेली, कारण तिथं रेंज चांगली होती. "शेठ, दहा मिनिटं बसू द्या." शेठनं खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. पुणे ते पाटणा, चौदा एप्रिलची गर्दी टाळून वीस एप्रिल. प्रवासी दोन. नाव, वय. वयाच्या जागी बहात्तर टाकून तिनं ते दोनदा तपासलं. शेवटचं बटण दाबलं, पडद्यावरचा गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि तिकिटं आली. देय रक्कम शून्य.

पिंकी केबिनमधून बाहेर आली ती थेट नळीपाशी. सिद्धेश शिफ्टची माणसं सोडून डिझेलला आला होता. तिनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. सिद्धेशनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग गाडीचा हॉर्न असा दाबून धरला की रांगेतले ट्रकवालेही कारण न विचारता आपापले हॉर्न वाजवू लागले. चाकणच्या रस्त्यावर हॉर्नचा कुणाला कंटाळा नाही. पण त्या दिवशी गणराजशेठनंही कुणाला गप्प केलं नाही.

वीस एप्रिलला सकाळी विमानतळावर सोडायला तिघं-चौघं येतील असं वाटलं होतं. आल्या सोळा बाया आणि खंडूकाका. विमानानं धाव घेतली तेव्हा चिमाबाईंनी पिंकीचं मनगट घट्ट धरलं. वर गेल्यावर सोडलं आणि खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "ह्यातलं आपलं घर कंचं?"

"ते मागं राहिलं, आई."

"एवढ्यात?"

बोधगयेत त्या त्याच संध्याकाळी पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे महाविहारात गेल्या. महाविहाराच्या मागं बोधिवृक्षाजवळ पिंकीनं सतरंजी अंथरली आणि सासूला दोन्ही हातांनी धरून खाली बसवलं. पाय लांब करून बसायला लागलं, पण बसल्या. बाजूला कुठल्या कुठल्या देशांचे लोक आपापल्या भाषेत पाठ म्हणत होते. चिमाबाईंनी हात जोडले आणि काही तरी पुटपुटायला सुरुवात केली. पिंकीला वाटलं, वंदना म्हणतायत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली, तरी ओठ हलतच होते. तिनं कान जवळ नेला.

चिमाबाई नावं घेत होत्या. विहारात ज्यांनी ज्यांनी हो म्हटलं होतं त्यांची, घरानं घर, गल्लीनं गल्ली. दुर्गाबाईचं आधीच होऊन गेलं होतं. आता त्या नव्या सुनेवर आल्या होत्या, आणि तिचं नाव आठवेना.

"पिंके, ती मागल्या गल्लीतली, सासूला आनायचं म्हनत हुती ती… तिचं नाव काय गं?"

"नेहा."

"नेहा," चिमाबाई म्हणाल्या. "आन् खंडू." मग झाडाकडं बघत, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "आन् माझी सून."